तेरा सेंटिमीटर मागची रेघ

ठोसर सर प्रयोगशाळेत शिरले की देवमन तायडे कपाटाकडे तोंड करून उभा राही. नमस्कार करावा लागू नये म्हणून. सरांनाही ते ठाऊक होतं. ते मुद्दाम थांबत, खाकरत, आणि नमस्कार वसूल करूनच पुढे जात. अमरावतीच्या त्या कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे प्रमुख, देवमन तिथला शिपाई. नऊ वर्षांत दोघांमध्ये एक गोड शब्द झाला नव्हता.

भांडणाचं मूळ फरशीवर होतं. भिंतीकडच्या टेबलाखाली पांढऱ्या रंगाने ओढलेली एक वीतभर रेघ.

त्रेपन्न साली कॉलेज नवं होतं आणि विद्यापीठाची समिती प्रयोगशाळा पाहायला यायची होती. सरांनी प्रयोग मांडायला लावला. टेबलावर लाकडाची उतरती पन्हळ, तिच्यावर वीस सेंटिमीटर उंचीला खूण. खुणेवरून लोखंडी गोळी सोडायची. ती टेबलाच्या कडेवरून आडवी सुटते, हवेत वाकते आणि फरशीवर पडते. खाली पांढरा कागद, त्यावर कार्बन. पडल्या जागी काळा ठिपका उमटतो. कडेवरून ओळंबा सोडायचा आणि तो जिथे टेकेल तिथून ठिपक्यापर्यंतचं अंतर मोजायचं. सरांच्या सूत्राप्रमाणे ते ऐंशी सेंटिमीटर यायला हवं होतं. आलं सदुसष्ट. दहा वेळा गोळी सोडली. दहाही ठिपके एका रुपयाखाली झाकले जातील इतके जवळ पडले.

सरांनी गोळी बदलली, पन्हळ पुसून घेतली, देवमनला दोनदा गाढव म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "रेघ मागे घे. तेरा सेंटिमीटर."

"ओळंबा तं इथं टेकून राहिला, सर."

"ओळंब्याला काय कळतं? टेबल खचलंय. ओढ."

देवमनने मोजली आणि ओढली. समितीने मान डोलावली. मग ओळंबे कपाटात गेले आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. भिंतीवर सूचना लागली: अंतर पांढऱ्या रेघेपासूनच मोजावे, गोळी ठरल्या खुणेवरूनच सोडावी. खूण बदलली की लबाडी उघडी पडते, हे देवमनला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. झाडलोट आटोपल्यावर त्याने गोळी अर्ध्या उंचीवरून सोडून पाहिली होती, आणि रेघेपासून मोजूनही फळ्यावरच्या सूत्राचा आकडा जुळला नव्हता. नऊ वर्षं पोरांच्या वह्यांत ऐंशी येत राहिलं आणि सर लाल शाईने 'उत्तम' लिहीत राहिले. वह्यांचे गठ्ठे उचलताना देवमन ते 'उत्तम' वाचत असे.

बोलला मात्र नाही. तो अजून हंगामी होता. चांदूर बाजारकडचं गाव सोडून आला तेव्हा बायकोला, जयवंताला, त्याने सांगितलं होतं की वर्षभरात कायम होतो. सरांची शिफारस लागायची आणि सर ती दर वर्षी विसरत. बासष्ट साली प्राचार्य महादेवरावांनी स्वतः कागद मागवले. आता फक्त सरांची सही राहिली होती.

त्याच आठवड्यात शकुन त्या टेबलावर आली. परतवाड्याच्या गवंड्याची पोर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने सूचना वाचली, रेघ पाहिली, मान तिरकी करून टेबलाची कड पाहिली. मग पिशवीतून बापाचा ओळंबा काढून कडेवरून सोडला.

मागच्या टेबलावरून एकजण ओरडला, "काहो बाई, घर बांधून राहिल्या का? खिडकी कोणत्या अंगानं?"

पोरं खदखदली. ओळंबा डुलत डुलत थांबला आणि रेघेच्या हातभर नसला तरी चांगला पुढे टेकला.

देवमन धावत गेला. "उचला थे. उचला म्हणतो ना! काहून दुसऱ्याच्या पोटावर पाय देता?"

"रेघ चुकली आहे, दादा."

"चुकली तं चुकली. नऊ वर्सं कोनी मेलं नाही तिच्यानं."

पण तिचा आवाज सरांपर्यंत गेला होता. ते आले, ओळंब्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाहिल्यासारखं रेघेकडे पाहिलं.

"कोणी ओढली ही?"

सगळी प्रयोगशाळा ऐकत होती. देवमन त्यांच्याकडे पाहतच राहिला.

"मीनं."

"नीट मोजतासुद्धा येत नाही? नऊ वर्षं माझ्या विद्यार्थ्यांना चुकीचं मोजायला लावलंस."

"पण सर," शकुन म्हणाली, "बरोबर जागेवरून मोजलं तर सदुसष्टच येतं. सूत्र घसरणाऱ्या वस्तूचं आहे. गोळी घसरत नाही, घरंगळते. थोडा जोर स्वतःभोवती फिरण्यात जातो, म्हणून ती कमी लांब पडते. मी हिशेब केलाय. सदुसष्टच्या वर थोडं येतं."

"तुझ्या वडिलांनी शिकवलं वाटतं?" सरांनी तिची वही मिटली. "सही मिळणार नाही."

देवमनने गोळी हजारदा सोडली होती. ती कशी फिरत खाली येते ते त्याला झोपेतही दिसे. तेरा सेंटिमीटर कुठे गेले हे मात्र त्याला आज कळलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. महादेवराव दमलेला माणूस होता. त्यांच्यापुढे दोन कागद होते. एक कायम करण्याचा, दुसरा कोरा.

"देवमन, एवढंच लिही की रेघ ओढताना माझ्या हातून चूक झाली. सर शिफारशीवर सही करतील. विषय संपला."

"लिहिता येतं ना?" खिडकीपाशी उभे असलेले ठोसर सर म्हणाले. "की छप्पन साली धर्म तेवढा बदलला, अंगठा तोच राहिला?"

महादेवरावांनी "अहो, ठोसर" म्हटलं, पण ते टेबलाकडे पाहून.

देवमनने टाक उचलला. कायमचा कागद त्याच्या बोटांपासून चार इंचांवर होता. त्यावर त्याचं नाव टाइप केलेलं होतं, काना-मात्रा सगळा शुद्ध. सकाळी जयवंताने धुतलेला सदरा काढून दिला होता. आज होईलच, म्हणाली होती.

त्याने सावकाश लिहिलं. 'रेघ मी ओढली. ठोसर सरांनी सांगितल्या जागी ओढली. मोजून ओढली. माझ्या मोजण्यात चूक नाही.' खाली पूर्ण नाव, तारीख.

सरांनी वाचलं आणि कागद फाडला.

"अजून द्या एक," देवमन महादेवरावांना म्हणाला. "हेच लिवतो. फाडा तुमी. कागद सरकारी हाये, हात माहा हाये."

त्याने पुन्हा तेच लिहिलं. हा कागद सरांनी फाडायच्या आत महादेवरावांनी ओढून घेतला. एकदा वाचला. मग त्यांनी तो खणात ठेवला आणि कायमचा कागदही त्याच खणात टाकला.

"जा तू," ते म्हणाले.

शकुनच्या वहीवर तीन दिवसांनी ठोसर सरांची सही झाली. सदुसष्टसमोर शेरा नव्हता, नुसती सही. त्याच दिवशी देवमनला रसायनशास्त्राच्या गोदामात हलवल्याची चिठ्ठी आली. हंगामी म्हणूनच.

किल्ल्या द्यायला तो निघाला तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती. "दादा, माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळं काय? एवढा मान नोका घेऊ." त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "नऊ वर्सं मले मालूम होतं. तुमाले एका दिवसात बोलता आलं, मले नाही आलं. घरी एक बाई वाट पायते, तिले आता मलेच सांगा लागन. सरका बाजूले."

ती सरकली. समोरून ठोसर सर येत होते. देवमन सरळ चालत राहिला. सर थांबले, खाकरले. देवमन त्यांच्या अंगावरून पुढे निघून गेला.