तात्या यादीतून गायब

"खेड्यातल्या लोकांना मोबाईल वापरता येत नाही, त्याला आपण काय करणार?" आमचे मॅनेजर कॉलवर म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. मी भोरची. वेल्ह्याच्या डोंगरातले एक म्हातारे पेशंट, तात्या, डायलिसिसला न्यायच्या गाडीची वाट बघत बसून राहिले होते. गाडी आलीच नाही. पुढची पाळीही चुकली असती तर जिवावर बेतलं असतं.

दवाखान्याचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. पेशंटची नोंद झाली की त्याला मेसेज जातो आणि ड्रायव्हरला यादी. तात्यांचं नाव नोंदवलं की दिसायचं, काही दिवसांनी गायब. सगळा कोड वाचून काढला. बग सापडेना.

आमच्या धंद्यात अशा वेळी कोड मोठ्याने समजावून सांगायची रीत आहे. समोर रबरी बदक असलं तरी चालतं. ऐकणाऱ्याला काही कळावं लागत नाही. वाचताना डोळ्यांखालून निसटलेलं बोलताना आपल्याच कानाला खटकतं. माझ्याकडे बदक नव्हतं, संताप मात्र भरपूर होता. मी तात्यांच्या नंबरवर फोन लावला. कुणीतरी उचलला आणि त्यांना हाक मारली.

"तात्या, मी सॉफ्टवेअरवाली नसीमा. तुमची काही चूक नाही," म्हणत मी सांगत सुटले. ते नुसतं "व्हय, व्हय" करत होते.

"नाव टाकलं की कॉम्प्युटर मोबाईल नंबर बघतो. तो नंबर आधीच असला, तर जुनं नाव पुसून नवं लिहितो. कारण एक नंबर म्हणजे एकच माणूस..."

मी थांबले. "तात्या, हा फोन कुणाचा?"

"दुकानदाराचा. रेंज हितंच येती. समद्या वाडीनं ह्योच नंबर दिलाय, ताई."

म्हणजे वाडीतल्या कुणी डोळे तपासायला नाव नोंदवलं, की तात्या पुसले जात होते. नियम मॅनेजरसाहेबांनीच एसीत बसून ठरवलेला. यांच्या घरात माणशी दोन फोन, म्हणून साऱ्या जगाकडे असणार!

त्याच दिवशी मी तो नियम काढून टाकला आणि प्रत्येक पेशंटला वेगळा नोंदणी क्रमांक दिला. पुढच्या पाळीला गाडी दुकानासमोर उभी राहिली. तात्या वेळेवर पोचले.

तरी साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलंच, 'पेशंटने स्वतःचा नंबर दिला नव्हता.' वर मलाच विचारलं, ऑफिसच्या वेळेत एवढा वेळ फोनवर कुणाशी बोलत होतात?

म्हटलं, "ज्यांना मोबाईल वापरता येत नाही, त्यांच्याशी."