चर्चेचे दहा गुण

आमच्या ऑनलाइन बी.कॉम.ला प्रत्येक विषयात चर्चेचे दहा गुण होते. वेबसाइटवरच्या चर्चेच्या बोर्डावर दर आठवड्याला आपलं एक उत्तर टाकायचं आणि दुसऱ्या दोघांच्या उत्तरांवर मत द्यायचं. त्यामुळे जो तो एकमेकांना 'छान मुद्दा, सहमत' लिहून मोकळा व्हायचा. मला या प्रकाराची भयंकर चीड. चाळिशी उलटल्यावर, सकाळचे डबे भरून मी शिकायला बसायचे, ते काय आरती ओवाळून घ्यायला?

पदवी मला हौसेखातर नको होती. पुण्यात शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, बंगळूरला आले आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे बसवनगुडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात बारा वर्षं काम केलं. मग नवीन व्यवस्थापन आलं आणि म्हणालं, तीन वर्षांत पदवी आणा, नाहीतर जागा सोडा. मला ती शाळा सोडायची नव्हती.

बोर्डावर माझं सगळ्यात जास्त वाजायचं ते बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या एका गृहस्थांशी. कारखान्यात सुपरवायझर, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या मराठी घरातले, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. त्यांनी एकदा पुस्तकातला उतारा जसाच्या तसा टाकला. मी खाली लिहिलं, 'हे मी वाचलंय. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.' पुढच्या आठवड्यात बिचाऱ्यांनी स्वतःच्या मनाचं लिहिलं. मी तेही सोलून काढलं.

मग संख्याशास्त्र आलं आणि माझी जिरली. दोनदा नापास झाले. शाळेच्या मुदतीत आता एकच परीक्षा बसत होती. घरी कुणाला काही बोलले नाही. एका रविवारी सकाळी बोर्डावर लिहिलं, 'मला हे जमत नाही. मी सोडतेय. सगळ्यांना शुभेच्छा.'

पाच मिनिटांत एका बाईंचं उत्तर आलं : 'छान मुद्दा, सहमत.'

बाईंनी वाचलंही नव्हतं, दोन मतांपैकी एक उरकून टाकलं होतं. मी फोन आपटला. चहा केला, प्यायले, तरी राग जाईना. शेवटी बाईंना चार शब्द सुनवायला परत लॉगिन केलं, तर खाली होसकोट्याच्या गृहस्थांनी लिहिलं होतं : 'अक्का, स्वल्प थांबा. तुम्ही गेले तर माझं लिहिलेलं वाचणार कोण? संख्याशास्त्र मी रोज कारखान्यात करतो. नंबर पाठवा, संध्याकाळी फोन करतो. सरी का, चालेल ना?'

नंबर पाठवताना लाज वाटली. ज्या माणसाला मी अडीच वर्षं झोडपलं, तो मला शिकवणार होता.

त्यांनी मला बोल्टांवर शिकवलं. शंभरातले दहा उचलायचे, जाडी मोजायची, प्रत्येक बोल्ट सरासरीपासून किती हटला ते बघायचं. पुस्तकात डोंगराएवढं वाटणारं प्रमाण विचलन एका संध्याकाळी मुठीत आलं. पण त्यांची एक अट होती : जे अडेल ते बोर्डावर सगळ्यांसमोर विचारायचं. मला ते फार जड गेलं. दुसऱ्याची चूक काढायची सवय होती, आपली दाखवायची नव्हती. तरी विचारलं. तेव्हा कळलं की निम्म्या वर्गाचं घोडं तिथेच अडलंय. 'छान मुद्दा'वाल्या बाईसुद्धा प्रश्न घेऊन आल्या आणि माझे त्यांना चार शब्द सुनवायचे राहून गेले.

निकाल सकाळी दहाला लागला. मी शाळेत दाखले लिहीत बसले होते. बारापर्यंत फोनला हात लावला नाही. मग उघडला. पास. संख्याशास्त्रात काठावर, पण पास. मी टेबलावर डोकं टेकून नुसती श्वास घेत राहिले. किती महिने छातीवर ओझं घेऊन वावरत होते, ते उतरल्यावर कळलं.

नवऱ्याला फोन करायचं सोडून आधी बोर्डावर लिहिलं, 'पास झाले.'

लगेच होसकोट्याहून उत्तर आलं : 'बरं झालं, अक्का. आता माझा उघडतो.'

त्या माणसाने दोन तास स्वतःचा निकाल बघितला नव्हता.