हातचं काम सोडणारी

संत्र्यांच्या धंद्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून घ्यावं, की बाजारातलं तयार घ्यावं, यावर मी महिनाभर तळमळत होतो. आमचं काम जगावेगळं, असा माझा ठाम समज होता.

सॉफ्टवेअर बनवणारी एक मुलगी मिहानच्या आयटी पार्कमधून आमच्या कळमन्याच्या फळबाजारातल्या गाळ्यावर आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. पेनाचं टोपण काढत-लावत सकाळभर आवक, छाटणी, पॅकिंग बघत फिरली. शेवटी म्हणाली, "काका, तुमचं काम साऱ्यांसारखंच आहे. वेगळं काहून बनवून घेऊन राहिले? तयारच घ्या."

हातात आलेलं काम तिनं असं सोडलं. मी तयार घेतलं; ते उत्तम चालतंय. पण तेव्हापासून मी येता-जाता शेजारच्या गाळ्यांत डोकावतो. तीस वर्षांत कधी डोकावलो नव्हतो.