मावशीची जाडजूड पुस्तकं

आमची मावशी इमारतींची वजनं काढते. इमारत जितकी जड, तितका भूकंप तिला जोरात हिसडतो, म्हणून हा हिशेब आधी. भिंती, फरशी, टाकी, माणसं, काही म्हणजे काही सुटत नाही तिच्याकडून.

अशा बाईला वाचनालयाच्या ग्रंथपालकाकांनी विचारलं होतं, "वरच्या सभागृहात पुस्तकं ठेवली तर चालेल ना?" त्या सभागृहाचं वजन तिनेच काढलेलं, नुसती माणसं आणि खुर्च्या धरून. पण घाईत होती. म्हणाली, "ठेवा हो, पुस्तकांचं असं वजन ते काय!"

आता तिथे छताला टेकलेली कपाटं आहेत. चूक कबूल करायला जीभ रेटत नाही, म्हणून मावशी आम्हा सगळ्यांच्या नावानं सभासद झाली. सर्वांत जाडे ग्रंथ घरी आणते, मुदत वाढवत राहते, उघडत एकही नाही.

"अगं, सरळ सांगून टाक की!" जेवताना मी म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली. मग ताटावरून तशीच उठली.

काल त्याच सभागृहात ग्रंथपालकाकांनी तिचा सत्कार केला. म्हणाले, "ताईंचं वाचनवेड बघून लोकांनी आणखी बारा कपाटं भरून पुस्तकं दिलीत!"