झिमरमन साहेबाचा पाळणा

सगळ्यात आधी टपकली ती आमची जाऊ, जुलेखा. "जर्मन पाहुणी येतेय, नि मला सांगितलं नाहीस?" बायांनो, कुवेतातल्या आमच्या अबू हलीफात काही लपतं का!

मागोमाग माझी नात सना पाहुणीला घेऊन आली. पाहुणीचे वडील एकोणीसशे साठच्या दशकात इथल्या शुऐबा बंदरावर साहेब होते. ती तान्ही असतानाच वारले. त्यांना ओळखणारं कुणी भेटेल का, म्हणून बिचारी घरं शोधत फिरतेय. आडनाव झिमरमन.

अगं, झिमरमन! आपल्या कोकणी रिवाजाने आमच्या यांनी पहिल्याच भेटीत साहेबाला आडनावाचा अर्थ विचारलेला. साहेब म्हणाला, जुन्या जर्मनमध्ये झिमर म्हणजे घराचं लाकूड, ते घडवणारा तो झिमरमन. पूर्वज सुतार होते. हेही सुतारच! "मग आपण भाऊ," म्हणाले नि त्याच्या हातात करवत दिली. साहेबाला धड कापता येईना! तरी त्याच्या होणाऱ्या बाळासाठी दोघांनी आमच्या दारात पाळणा केला.

पाहुणीने मोबाइलवर फोटो दाखवला. तोच पाळणा! "एक पाय आखूड का, ते घरात कुणालाच ठाऊक नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तो तुझ्या बापाने कापला. हे बदलायला निघाले, तर म्हणाला, राहू दे, माझ्या हातचं तेवढंच आहे."

सनाने तिला ते इंग्रजीत सांगितलं. आधी ती रडली, मग पोट धरून हसली.

तुमच्या आडनावामागे कोण उभं आहे, विचारलंत कधी घरात?

शुक्रवारी ती लेकीला घेऊन परत येतेय, सांदणं खायला.