गार्झेत्ताची उजवी बाजू

एर्मेस ग्वाल्दीला मी बावन्न वर्षं ओळखते, आणि गेल्या सप्टेंबरपासून मी त्याच्याशी बोलत नाही. तो बारमध्ये आला की मी माझे पत्ते उचलते आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसते. लोकांना वाटतं, देआना म्हातारपणी चक्रम झाली. वाटू दे.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. वाईट असता तर मला इतका राग आला नसता.

इटलीत, मोदेना शहराच्या बाहेर, सेक्किया नदीच्या अलीकडे फेराबोस्कींचा कारखाना होता, तिथे एर्मेस गाड्यांच्या अंगाचा पत्रा ठोकायचा. बाकीच्या जगात गाडीचं अंग एव्हाना यंत्रातून निघत होतं. आमच्याकडे ते झाडाच्या बुंध्यावर, वाळू भरलेल्या चामडी पिशवीवर, लाकडी थापीने घडायचं. पत्र्याला साबण चोळायचा, खालून जाळ द्यायचा, साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला असं समजायचं, आणि मग ठोकत बसायचं. नकाशा वगैरे काही नाही. म्हातारा फेराबोस्की भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायचा आणि जेवायला निघून जायचा. एर्मेस डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा. केसाएवढा खड्डा लागला तरी त्याचं तोंड उतरायचं. बायकोच्या गालावरून याने कधी असा हात फिरवला नसेल, असं आम्ही बायका म्हणायचो. पुढे ती खरंच सोडून गेली, तेव्हा आम्ही ती थट्टा बंद केली.

प्रत्येक गाडीला दोघे जण असत. डावी बाजू एर्मेसची, उजवी वायनेर बोनाचिनीची. मध्ये गाडी आणि दोघे समोरासमोर. वायनेर डावखुरा होता, शिवाय त्याचा हात जरा सढळ, त्यामुळे त्याची बाजू नेहमी थोडी भरलेली यायची. गिऱ्हाइकाला ते कधी कळलं नाही, कारण माणूस एका वेळी गाडीच्या एकाच बाजूला उभा राहतो. आम्हाला मात्र पक्कं ठाऊक होतं. मी आणि वायनेरची बायको नीवेस, आम्ही दोघी आतलं चामडं शिवायचो. गार्झेत्ता नावाची गाडी निघाली तेव्हा तिच्या दारांसाठी आम्ही दोन मापं ठेवली होती. डावं दार एक वीत तीन बोटं, उजवं एक वीत चार बोटं. मी एकदा घाईत दोन्ही सारखी कापली, तर उजवीकडचं चामडं ताणून शिवणीत उसवलं. फेराबोस्कीने सगळ्यांदेखत मला गाढवीण म्हटलं.

कारखान्यात एक शिस्त होती, कुठे लिहिलेली नव्हती पण सगळे पाळायचे. जोडीदाराच्या बाजूबद्दल बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. कुणी विचारलंच तर ‘गाडी एकच आहे’ एवढं सांगायचं आणि थापी उचलायची. दारू चढली तरी कुणी ही शिस्त मोडलेली मी पाहिली नाही.

बारा गार्झेत्ता झाल्या आणि कारखाना बुडाला. एर्मेस पुढे दूध संघाच्या टाक्या दुरुस्त करत राहिला, वायनेर नांगर. दर गुरुवारी दोघे पत्ते खेळायचे आणि एकमेकांना चोर म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी वायनेर गेला. त्याचे प्लायवूडचे फर्मे, जे पत्र्यावर धरून तो आपल्या बाजूचा बाक तपासायचा, ते नीवेसने जुन्या चादरीत गुंडाळून गाडीखान्यात ठेवले. वर्षातून एकदा ती त्यांची धूळ झटकायची.

मग इंजिनिअर कोर्सिनी आला. कुठल्याशा नव्या कंपनीने फेराबोस्कींचं नाव विकत घेतलं होतं आणि त्यांना गार्झेत्ता पुन्हा काढायची होती, वर्षाला पाचशे. हा पोरगा चाळिशीचा, पायात मोजे नाहीत, आणि जिभेवर खडीसाखर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एर्मेस, ज्याला गल्लीत सगळे टकल्या म्हणायचे, तो एका रात्रीत उस्ताद झाला. उस्ताद इथे बसा, उस्ताद इथे हात लावून बघा. त्याच्यासाठी घरी गाडी यायची. गाडीत बसताना तो आजूबाजूच्या खिडक्यांकडे बघून घ्यायचा, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे.

कोर्सिनीने शब्द दिला होता की दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेणार, साचे वेगवेगळे करणार, कारण तेच तर या गाडीचं सौंदर्य. एका दंतवैद्याची जुनी गार्झेत्ता त्यांनी मापासाठी आणली होती, पण तिची उजवी बाजू कधीतरी अपघातात चेपून नव्याने बसवलेली होती. वायनेरचे फर्मे पाहिजेत, असं एर्मेसच म्हणाला. तो नीवेसकडे गेला तेव्हा मी तिथेच मटारच्या शेंगा सोलत होते.

नीवेस आधी नाही म्हणाली. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“नीवेस, मी जिवंत असेपर्यंत वायनेरची बाजू वायनेरचीच राहील,” तो म्हणाला. “माझा शब्द आहे.”

तिने फर्मे दिले. चादरीसकट दिले.

दोन वर्षं गेली. सप्टेंबरात कंपनीने नव्या गाडीचा समारंभ ठेवला, आम्हा दोघींनाही बोलावलं. नीवेसने निळा झगा घातला होता, मुलाच्या लग्नातला. आत शिरताच मला वायनेरचे फर्मे दिसले. वाइनच्या टेबलामागे, भिंतीवर शोभेला टांगलेले, त्यातले दोन उलटे. मी नीवेसचा दंड धरून तिला दुसरीकडे वळवलं.

पांढरी शुभ्र गाडी मधोमध उभी होती. एर्मेस नव्या सुटात पुढे झाला, डोळे मिटले आणि डाव्या बाजूवरून हात फिरवला. माणसं टाळ्या वाजवत होती. मग तो वळसा घालून उजवीकडे आला, हात ठेवला आणि तिथेच थांबला. कारखान्यात खड्डा लागल्यावर उतरायचं तसं त्याचं तोंड उतरलं. पण पत्र्यात खड्डा नव्हता.

त्याने कोर्सिनीला बाजूला घेतलं. मी तीन पावलांवर होते, कान अजून शाबूत आहेत माझे. एर्मेस म्हणाला, ही तर माझीच बाजू आहे, उलटी केलेली. कोर्सिनीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“उस्ताद, दोन वेगळ्या बाजू कारखान्याला परवडत नाहीत. एकच निवडायची होती. आणि तुम्हालाच विचारून निवडली. आठवतंय, त्या दिवशी जेवताना? कोणती बाजू सरस, विचारलं, तर तुम्ही छातीवर हात मारून म्हणालात, माझी.”

नाही म्हणायचं सोडून एर्मेसने जवळच्या टेबलावरचा प्याला उचलला. म्हणजे म्हणाला होता. महिनोन् महिने उस्ताद-उस्ताद ऐकून, लाम्ब्रुस्को वाइनचे चार प्याले पोटात गेल्यावर, पन्नास वर्षांत जे केलं नाही ते मेलेल्या माणसाच्या मागे त्याने केलं होतं. कोर्सिनी फसवा होता, त्याचं मला फार वाटलं नाही, ती जातच तशी. पण हा आमचा होता.

तेवढ्यात नीवेस तिथे आली. “वायनेरची बाजू कोणती रे?” तिने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं त्याने. एर्मेसने उजवीकडे बोट दाखवलं. “ही.”

नीवेसने उजवं दार उघडलं. वाकली, आणि चामड्यावर वीत लावली, आम्ही लावायचो तशीच. वितेपुढे बोटं ठेवली. एक, दोन, तीन. चौथ्याला जागा नव्हती. ती गाडीला वळसा घालून गेली आणि डावं दारही मोजलं. एवढे सगळे सुटाबुटातले लोक बघत होते, पण तिने घाई केली नाही. मग परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“एक बोट कमी आहे, एर्मेस.”

त्याच्या हातात प्याला होता, तो त्याने गाडीच्या टपावर ठेवला. कुणीतरी धावत येऊन तो उचलला.

“त्यांनी विचारलं कोणती चांगली,” तो म्हणाला. “मी म्हणालो, माझी.”

नीवेसने पर्समधून रुमाल काढला आणि दाराला लागलेले आपल्याच बोटांचे ठसे पुसले. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

“चांगली होतीच तुझी. वायनेर जन्मभर घरात तेच म्हणायचा, एर्मेसची बाजू माझ्यापेक्षा चांगली. पण दाराबाहेर कधी बोलला नाही.”