मागच्या रांगेतली सतरंजी

बाजाराचा दिवस होता. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात सलीमभाईच्या मुलाचा, इम्रानचा, फोन आला. "चाचा, अब्बा न्हाई राहिले..." आदल्या संध्याकाळी तर हा माणूस माझ्याशी भांडून घरी गेला होता. भांडण नेहमीचंच : मुंबईच्या कपड्यांच्या फेअरला कोणत्या गाडीनं निघायचं. मी शटर खाली ओढलं आणि त्यालाच डोकं टेकून उभा राहिलो.

जवळा बाजार या आमच्या गावात आम्हा दोघांचं पुरुषांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान. गल्ला मी सांभाळायचो, माल तो निवडायचा. दरवर्षी लग्नसराईच्या आधी आम्ही फेअरला जायचो. दारातच मोठ्या कंपन्यांचे स्टॉल, झगमगाट, फुकटची कॉफी. माझा पाय तिथून निघत नसे. सलीमभाई मात्र तडक शेवटच्या रांगेत. तिथं, स्वच्छतागृहाच्या बाजूला, नाव नसलेले नवे डिझायनर आपले चार नमुने टांगून कुणीतरी थांबेल म्हणून उभे असायचे. "पुढचं समदं जग बघूनच राहिलं ना, बाळूभाऊ," तो म्हणायचा, "हितं कोणी येऊन न्हाई राहिलं, म्हणून आपून यायचं."

त्याची पारख करायची रीत मात्र चारचौघांत लाज आणणारी. कुर्ता अंगात घालायचा आणि तिथंच गालिच्यावर मांडी ठोकून बसायचं. मग पंगतीत बसल्यासारखं पुढं वाकायचं, वाढणाऱ्याला 'बस, बस' म्हणत पानावर हात आडवा धरायचा. येणारे-जाणारे बघत राहायचे आणि मी खांबाआड. "आपलं गिऱ्हाईक आरशापुढं किती येळ ऱ्हातं? लग्नात दिवसभर बसलेलंच असतं. बसल्यावर काखेत ओढलं की खेळ खतम," असं वर मलाच ऐकवायचा.

मृणाल ही तिथलीच एक नवी डिझायनर, नागपूरची. तिचा कुर्ता पहिल्या वर्षी असाच काखेत ओढला. पोरीचा चेहरा पडला. सलीमभाई बसल्या जागेवरूनच म्हणाला, "बेटा, हितं दोन बोटं कापड सोड. पुढल्या साली परत बसतो." पुढच्या वर्षी तो खरंच बसला आणि तिचा माल आमच्या दुकानात आला. पण तिनं फॅशन म्हणून कुर्त्याची खालची किनार मुद्दाम न दुमडता सुटी ठेवली होती. आमच्या गिऱ्हाइकांना वाटलं, शिवायचंच राहून गेलं! शिरड शहापूरच्या एका नवरदेवाचे मामा तणतणत आले, "सलीमभाई, कच्चा माल देऊन राहिले व्हय?" बाकीच्यांनी न बोलता परस्पर शिंप्याकडून किनार दुमडून घेतली. मी म्हटलं, घ्या, जा आणखी शेवटच्या रांगेत. तो पोट धरून हसला आणि तिला फोन लावून म्हणाला, "बेटा, तुझी फॅशन जवळ्याच्या शिंप्यानं पुरी केली."

तो गेल्यावर इम्रान म्हणाला, "चाचा, आता मोठ्या कंपनीचाच माल घेऊ. कशाला तकलीफ?" मला ते पटत होतं, आणि पटतंय याचंच वाईट वाटत होतं. सलीमभाईशिवाय शेवटच्या रांगेत जायची माझी छातीच नव्हती. पण तिथं गेलो नाही, तर दुकान राहील आणि त्यातला सलीमभाई जाईल, एवढं मला कळत होतं.

गेल्या आठवड्यात फेअरला एकटाच गेलो. दारातल्या स्टॉलवर कॉफी आली, गोड बोलणं झालं, ऑर्डरवर सही करायला पेनही हातात दिलं. सही होईना... पेन ठेवलं, कॉफी ठेवली आणि मागे चालू लागलो.

मृणालच्या स्टॉलपुढं गालिच्यावर एक सतरंजी अंथरलेली होती. "भाई मागून येताहेत ना, काका?" ती म्हणाली. "दरवर्षी खालीच बसतात, म्हणून यंदा घरून आणली." सलीमभाई गेल्याचं मी कसंबसं सांगितलं. तिनं हातातला कुर्ता छातीशी धरला. मला तिथं, सगळ्यांच्या देखत, रडू आलं.

मग मी चपला काढल्या. तिच्या हातातला कुर्ता घेऊन अंगात घातला आणि गुडघ्यांना शिव्या घालत सतरंजीवर मांडी घातली. लोक थांबून बघत होते. पुढं वाकलो, पानावर धरावा तसा हात आडवा धरला. काखेत जरासं ओढलं.

"बेटा," मी म्हणालो, "हितं दोन बोटं कापड सोड. पुढल्या साली इम्रानला बसवतो."